भाच्यांचा रकाना

हे लिहायचं मी टाळत आलो. आधी नोकरी होती म्हणून, मग मुलांची लग्नं व्हायची होती म्हणून, मग मेजरसाहेब जिवंत होते म्हणून आणि शेवटी ते गेले म्हणून. दर वेळी कारण पुरेसं वाटलं.

ते गेले त्या वर्षी छावणीतल्या काही माजी सैनिकांनी एक स्मरणिका काढली. दोघं जण माझ्या घरी आले. म्हणाले, "तुम्ही त्यांच्या कंपनीत होता. दोन पानं लिहून द्या." मी म्हणालो, डोळ्यांना दिसत नाही. माझा मोतीबिंदू काढून तेव्हा वर्ष झालं होतं आणि ते दारात येईपर्यंत मी पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचत बसलो होतो. स्मरणिका निघाली. मेजरसाहेबांवर चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी होती : 'त्यांच्या सेवाकाळातील एका कारवाईबाबत मतभेद आहेत.'

मतभेद कसले? त्या सकाळी काय झालं हे दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक मेजरसाहेब. दुसरा मी.

ते इथलेच, पडेगावचे. शहराचं नाव आता बदललंय, पण त्यांच्याबद्दल लिहिताना माझ्या हातून औरंगाबाद असंच उमटतं. त्यांचे वडील निजामाच्या फौजेत शिपाई होते. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा वडिलांच्या तुकडीनं छावणीच्या मैदानात हत्यारं ठेवली. रांग लावून एकेकाची रायफल घेत होते. वडिलांची पाळी आली तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं रायफल बाजूला ठेवली, वळकटीतून काढून घेतलेली घोंगडी परत दिली आणि विचारलं, "घर किधर है?" वडील म्हणाले, पडेगाव. "तो जाओ. दिन ढलने से पहले पहुँचो."

ही हकिगत मेजरसाहेबांनी मला पन्नास वेळा तरी सांगितली असेल. घोंगडीचा रंग दर वेळी बदलायचा. कधी काळी, कधी तांबडी. तो प्रश्न मात्र तोच. "मुन्शी, त्या माणसानं अब्बांना विचारलं, घर कुठंय. बास. लढाई तिथं संपली. मैदानात नाय संपली. तो हसला असता, थुंकला असता, तर अब्बांनी घरी येऊन मला काय शिकवलं असतं?"

वडिलांनी पुढं सायकलदुरुस्तीचं दुकान घातलं आणि मुलाला त्याच देशाच्या फौजेत अधिकारी व्हायला पाठवलं.

मी फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला. मॅट्रिक झालो, भरती झालो, हवालदार झालो. आमची पलटण तेव्हा ईशान्येच्या डोंगरात होती. मेजरसाहेब कंपनी कमांडर म्हणून आले त्या दिवशी हजेरीच्या वेळी त्यांनी सगळ्यांना न्याहाळलं आणि पहिला प्रश्न केला, "औरंगाबादकडचं कोण हाय?" मी हात वर केला.

"अक्षर कसंय?"

"बरं हाय, साहेब."

"बरं का चांगलं?"

"चांगलं."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात एक जाड वही आली. तेव्हापासून मी मुन्शी. नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही.

तिथली लढाई कशी होती हे सांगायला हवं, नाहीतर ती वही कळणार नाही. समोर कुणी नसायचं. जंगलात गेलेली माणसं रात्री-अपरात्री दोघं-तिघं गावात यायची, जेवायची, झोपायची, निघून जायची. गाव त्यांचंच. आमच्या आधीच्या कमांडरसाहेबांची पद्धत अशी, की पहाटे गावाला वेढा घालायचा, सगळ्या पुरुषांना मैदानात बसवायचं, घरं उलटीपालटी करायची. सापडायचं काहीच नाही. फक्त पुढच्या वेळी वाटेवरच्या म्हाताऱ्यासुद्धा आम्हाला पाणी देत नसत.

मेजरसाहेबांनी आल्या आल्या वेढे बंद केले. मग दुश्मन हा शब्द बंद केला. जेवणाच्या वेळी सगळ्या कंपनीसमोर उभे राहून म्हणाले, "हे जंगलात गेलेले आभाळातनं पडलेत का? इथल्याच कुणाच्या तरी बहिणीची पोरं हायेत. म्हणून आजपासनं त्यांना भाचे म्हणायचं. समोर बंदूक घेऊन आला तर गोळी घाला, पण म्हणायचं भाचा." जवान हसले. साहेब नाही हसले. पुढं वायरलेसवरही ते भाचे म्हणू लागले, तेव्हा वरून एक कडक पत्र आलं. ते त्यांनी मला फाईलला लावायला सांगितलं आणि वायरलेसवर भाचे म्हणणं चालूच ठेवलं.

गावात शिरताना ते प्रत्येक दारात बूट काढायचे. उंच बूट, लांब नाडी. बाकीचे आम्ही बंदुका घेऊन उभे आणि साहेब उंबऱ्यावर बसून नाडी सोडतायत. खिशात मिठाच्या पुड्या आणि डोळ्यांत घालायच्या मलमाची डबी असायची. गावातल्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ होती. गस्तीवरून परतलेल्या प्रत्येक तुकडीनं एक घरगुती बातमी आणलीच पाहिजे असा दंडक होता. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची डुकरीण व्याली. एकदा साताऱ्याकडचा एक लान्स नाईक, मोठा खट्याळ, म्हणाला, "साहेब, तुम्हाला डुकराचं काय?" साहेब म्हणाले, "मला खायचं नक्को, रे. विचारायचंय. किती पिलं?" लान्स नाईकानं नीट पाहिलंच नव्हतं. त्याला दोन कोस परत जाऊन पिलं मोजून यावं लागलं. सात होती.

आता वही. आमच्या पोस्टच्या वर एका झाडावर मचाण बांधलं होतं. समोरच्या कड्यावर ते गाव. घरं अडतीस. पहाट झाली की बायका चूल पेटवायच्या आणि गवती छपरातून धूर निघायचा. मी दुर्बीण घेऊन मचाणावर बसायचं आणि धूर मोजायचे. अडतीस घरं, अडतीस धूर. ज्या घरी रात्री पाहुणे उतरले असतील तिथं एका चुलीवर भागत नाही. दुसरी पेटते, अंगणात किंवा मागच्या पडवीत. त्या जादा चुली म्हणजे भाचे. वहीत चार रकाने होते : घरं, धूर, भाचे, कुत्री. कुत्री भुंकली की नाही, तेवढंच. साहेबांची सगळी लढाई त्या चार रकान्यांतून चालायची. भाचे असतील त्या दिवशी गावाकडं फिरकायचं नाही आणि खालची वाट मोकळी सोडायची. भाचे नसतील त्या दिवशी जायचं, बसायचं, बोलायचं. "पळून गेलेला परत येऊन बोलतो, मुन्शी. मेलेल्याचा भाऊ फक्त बंदूक घेऊन येतो."

वही देताना त्यांनी एकच ताकीद दिली होती. "दिसलं नाय तर 'दिसलं नाय' लिहायचं. रिकामा रकाना मला चालतो."

मी मान हलवली. सात महिन्यांत माझ्या वहीत एकही रिकामा रकाना नव्हता. वरचे अधिकारी पाहणीला आले की साहेब ती वही पुढं करायचे आणि ते म्हणायचे, वा, काय नीटस काम आहे. मला त्या वहीचा अभिमान होता. तिथं चार-पाच वेळा दाट धुकं पडलं. त्या सकाळी मी आदल्या दिवशीचेच आकडे उतरवले. आमच्याकडं तलाठ्याचा पीकपाहणीचा तक्ता मी लहानपणी पाहिला होता. शेतावर न जाता गेल्या सालचं यंदा उतरवायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

सात महिन्यांनी गावच्या मुखियानं निरोप पाठवला. त्याच्या बहिणीचा मुलगा जंगलात होता. खरोखरचा भाचा. त्याला परत यायचं होतं. मुखियाची अट एवढीच, की साहेबांनी स्वतः यावं, थोडी माणसं घेऊन, आणि गावात बाहेरचं कुणी नसेल अशा सकाळी यावं. बाकीच्यांना कळलं तर त्याचा भाचाही जाईल आणि तोही.

साहेब त्या दिवसांत लहान मुलासारखे झाले होते. रोज पहाटे मचाणाखाली येऊन उभे राहायचे. "मुन्शी, किती?" दोन दिवस भाच्यांच्या रकान्यात तीन, दोन असे आकडे होते. तिसऱ्या दिवशी शून्य. साहेब म्हणाले, "उद्या पण शून्य असलं तर जाऊ."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं.

मला ताप नव्हता. झोप आलेली नव्हती. कुणाची भीती नव्हती. मी तासभर मचाणावर बसलो. समोर कडा नाही, गाव नाही, झाडाची पुढची फांदीसुद्धा नाही. खाली उतरलो तर साहेब बूट घालून तयार. वही उघडलेली होती. मी वरची ओळ खाली उतरवली.

"किती?"

"अडतीस, साहेब."

"भाचे?"

"शून्य."

ते पाच माणसांना घेऊन वर गेले. त्यांत तो लान्स नाईक होता. पाऊण तासानं धुक्यातून गोळीबार ऐकू आला. सात-आठ मिनिटं. मग काही नाही. साहेब परत आले तेव्हा उजव्या खांद्यातून रक्त वाहत होतं आणि डाव्या खांद्यावर लान्स नाईक होता. तो वाटेतच गेला होता. वायरलेसचा जवान वरच पडला. मुखियालाही भाच्यांनी त्याच्या उंबऱ्यावर मारलं, पण ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

दुपारी धुकं उठलं. मी मचाणावर चढलो. का, ते आजही सांगता येत नाही. गावात माणूस दिसत नव्हतं. विझत आलेल्या चुलींचे धूर तेवढे होते. मोजले. सत्तेचाळीस.

खाली येऊन मी वही उघडली. पेनातली रिफिल संपली होती, नवी टाकली. भाच्यांच्या रकान्यातल्या शून्याला खाली एक शेपूट काढलं. शून्याचे नऊ झाले. धुराच्या रकान्यातल्या अडतीसला मी हातही लावला नाही. भाचे वेगळेच मांडायचे असत. एक रेघ पुरली.

चौकशी बसली. तिघे अधिकारी, लांब टेबल, टेबलावर माझी वही. अध्यक्षांनी पानं उलटली. "हे भाचे म्हणजे काय?" साहेबांनी सांगितलं. टेबलाच्या टोकाचा अधिकारी हसला. "शत्रूला नात्यात घेता तुम्ही?" साहेब म्हणाले, "नात्यातलेच असतात ते. कुणाच्या ना कुणाच्या." मग त्या अधिकाऱ्यानं दोन-तीन वेगळे प्रश्न विचारले. तुमचे वडील कोणत्या फौजेत होते? खालची वाट मोकळी सोडायचा हुकूम तुमचाच का? प्रश्न साधेच होते. विचारण्याची तऱ्हा साधी नव्हती. साहेबांनी प्रत्येकाचं उत्तर सरळ दिलं.

मग मला उभं केलं.

"त्या सकाळी नऊ जादा होते. कंपनी कमांडरला सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं, साहेब."

मेजरसाहेबांचा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हातानं वही मागून घेतली. चष्मा लावला. त्या ओळीवर अंगठा ठेवून बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या अंगठ्याकडं पाहत होतो. मग वही मिटून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मुन्शीनं मोजलं होतं. गेलो मी."

त्यांना सोडलं नाही आणि धरलंही नाही. कंपनी काढून घेतली, कुठल्याशा गोदामाच्या टेबलावर बसवलं आणि बढतीचा कागद पुढं कधी हललाच नाही. गाव महिन्याभरात खाली रस्त्याच्या कडेला हलवलं. कड्यावर पुन्हा धूर दिसला नाही. माझं मचाण उतरवलं. नव्या कमांडरला वहीची गरज नव्हती.

निघताना साहेब जीपमध्ये बसले. मी त्यांची ट्रंक ठेवली. ते म्हणाले, "नवी रिफिल टाकलीस वाटतं, मुन्शी."

"व्हय, साहेब."

"जुनीची शाई बरी होती."

त्यांनी हात पुढं केला. मी मिळवला. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी सलाम ठोकून उभा होतो.

त्यांनी मला तिथं कॉलर धरून ओढलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. शिक्षा झाली असती, भोगून झाली असती. त्यांनी मला मोकळं सोडलं. त्याबद्दल कितीतरी वर्षं मी त्यांचा मनातून रागराग केला, हेही लिहून टाकतो.

फौजेतून सुटल्यावर मी औरंगाबादला सरकारी कचेरीत कारकून झालो. अक्षर चांगलं होतंच. एक दिवस गुलमंडीत बायकोसाठी लुगडं बघत होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली. "मुन्शी!" मी दुकानात आणखी आत सरकलो. ते रस्ता ओलांडून थेट गादीपर्यंत आले. केस पिकलेले, उजवा खांदा किंचित खाली. दुकानदाराला म्हणाले, "मियाँ, याला कपडा नीट मोजून दे. हा स्वतः मोजण्यात उस्ताद हाय."

त्यात टोमणा होता का? मी त्या वाक्यावर वर्षानुवर्षं विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर तरी नव्हता.

मग दर रविवारी मी पडेगावला जाऊ लागलो. का जात होतो? प्रत्येक रविवारी वाटायचं, आज सांगू. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, परतीची बस यायची.

शहरातही ते तसेच राहिले. एकाच रस्त्यानं दोनदा जायचे नाहीत. त्यामुळं भाजी आणायला त्यांना दीड तास लागायचा. न्हाव्याकडं दाढी नसली तरी जाऊन बसायचे, गल्लीची खबर घ्यायला. लोक त्यांना सनकी मेजर म्हणायचे. हर्सूलच्या तलावाकडं फिरायला गेलो की येताना तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबायचे आणि म्हणायचे, "इथं पण भाचेच, मुन्शी." सकाळी उठून गच्चीवर जायचे आणि सवयीनं धूर मोजायचे. घरोघर गॅस येत गेला तसे धूर कमी झाले. एक दिवस म्हणाले, "शहर आंधळं झालं बघ. कुणाकडं कोण आलंय, कुणाची चूल पेटली नाय, काय कळायला मार्ग नाय."

पण कळायचं त्यांना. एकदा शहरात दोन दिवस ताण होता. कशावरून, ते आता महत्त्वाचं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी मला कचेरीतून बोलावून घेतलं. गुलमंडीच्या मागच्या एका तिठ्यावर उभे होते, दोन्ही हातांत घडीच्या खुर्च्या.

"काय झालं, साहेब?"

"त्या बांधकामाच्या विटा बघ. सकाळी ढीग कमरेएवढा होता, आता गुडघ्याएवढा हाय. आणि गल्लीतल्या सगळ्या स्कूटरी गायब. दारात लावलेली गाडी माणूस उगाच हलवत नाय. तासाभरात भाचे जमतील. दोन्हीकडचे."

त्यांनी तिठ्याच्या मधोमध खुर्ची मांडली आणि बसले. दुसरी माझ्यासाठी. मी पानाच्या टपरीच्या आडोशाला उभा राहिलो. ते म्हणाले, "बरं, तिथनं बघ. मागच्या गल्लीत किती हायेत ते सांगत राहा. आणि ती तिसरी गल्ली मोकळी ठेवायची. तिथं कुणी उभं राहायला नको."

पोरं जमली. एका बाजूनं घोषणा, दुसऱ्या बाजूनं घोषणा. मध्ये खुर्चीवर एक म्हातारा, पायातले बूट काढून शेजारी ठेवलेले.

"किती, मुन्शी?"

मी मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. "सतरा, साहेब."

ते माझ्याकडं वळले. "खरं?"

तेवढा एकच शब्द. इतक्या वर्षांत एकदाच.

"खरं, साहेब."

मग ते पुढच्या पोराशी बोलू लागले. "अरे, तू त्या दर्जीचा पोरगा ना? वडिलांचा गुडघा कसाय?" पोरगं गोंधळलं. "बराय." दुसऱ्या बाजूच्याला म्हणाले, "तू तर पाटलाच्या आळीतला. तुझ्या बहिणीला दिवस गेलेत ना? मग तिला सोडून हिकडं काय बघतोस?" कुणीतरी मागून ओरडलं, "म्हातारं येडंय, सारा बाजूला." साहेब म्हणाले, "येडा हाय, पण तुझ्या आज्याला ओळखतो. तो पण असाच मागनं ओरडायचा." पुढचे चार-पाच जण हसले. हसलेल्या माणसाला पुन्हा रागावलेलं तोंड करायला वेळ लागतो. एक जण तिसऱ्या गल्लीत शिरला, मग दुसरा. वाट मोकळी होतीच. अर्ध्या तासानं तिठ्यावर आम्ही दोघं आणि रस्त्यावर पडलेल्या दहा-बारा विटा राहिलो.

नंतर पोलिसांची गाडी आली आणि रस्त्यात खुर्ची टाकून बसल्याबद्दल साहेबांना दम देऊन गेली. ते बूट घालत ऐकत होते.

हे कुणी कुठं लिहिलं नाही. फौजी कॅन्टीनच्या रांगेत मात्र माजी सैनिक दुसरंच बोलायचे. "तो मेजर ना? दोन जवान मारवले त्यानं. नऊ सांगितले होते, तरी गेला. वर त्यांना भाचे म्हणायचा. आतून मिळालेलाच असणार. त्याच्या बापाचं माहीत नाही का?" मी रांगेत त्यांच्यापुढं दोन माणसं सोडून उभा असायचो. साखर, साबण घ्यायचो आणि घरी यायचो. एकदा एकानं मला विचारलंही, "तुम्ही होता ना तिथं?" मी म्हणालो, "मी कारकुनीला होतो."

साहेबांची मुलगी शाळेत शिक्षिका. ती मला चाचा म्हणते. रांगेतली बोलणी तिच्या कानावर गेली होती. एका रविवारी ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"चाचा, अब्बा त्या गावाचं काहीच सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, चूक माझीच. तुम्ही होतात ना? खरंच तुम्ही नऊ सांगितले होते?"

"लई जुनी गोष्ट हाय, बेटी. नीट आठवत नाय."

ती फाटकाला कडी लावत म्हणाली, "अब्बा म्हणतात, तुमची आठवण कधी चुकत नाही."

शेवटच्या आजारात साहेब अंथरुणावर होते. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. मुलीचा फोन आला, म्हणून सकाळीच निघालो. बसमध्ये सगळं जुळवलं. 'साहेब, त्या सकाळी' इथून सुरुवात करायची, मग मचाण, मग वही, मग ती रेघ. त्यानंतर चौकशीतलं. मग त्यांचे पाय धरायचे. ते लांबलचक झालं होतं आणि मला पाठ होतं.

त्यांचा पलंग खिडकीशी होता. खिडकीतून दौलताबादचा रस्ता आणि त्या बाजूला उठलेली नवी घरं दिसायची. मुलगी चहा ठेवायला आत गेली. मी पलंगाशी स्टूल ओढलं. त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं.

"मुन्शी. किती?"

मी उठून खिडकीशी गेलो. थंडीचे दिवस होते, बाहेर पांढुरकं होतं. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. एकाही घरातून धूर नव्हता. मोजण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी माझं काम इतकं सोपं करून दिलं होतं. पाठ केलेल्यातलं काहीच बोलायची गरज नव्हती.

"अडतीस, साहेब," मी म्हणालो.

"भाचे?"

"शून्य."

ते माझ्याकडं पाहत राहिले. चौकशीत त्या ओळीकडं पाहिलं होतं तसे. मग त्यांनी डावा हात थोडा उचलला, दाराकडं.

"घर लांबय तुझं. जा. ऊन चढायच्या आत पोच."

मी गेलो. वाट मोकळी होती म्हणून गेलो. मुलीनं चहा घेऊन जा म्हटलं, तरी थांबलो नाही. चार दिवसांनी ते गेले.

बेटी, स्मरणिकेतली ती चौथी ओळ खोडून टाक. मी नऊ सांगितले नव्हते. आणि खिडकीपाशी त्यांना जे सांगायचं होतं ते एवढंच होतं : धुकं होतं, साहेब. मला दिसलं नाय.